काळा आजार, वाळूमाशी आणि डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी

मुंबई-पुण्यात बांधकामावर काम करणारा, मूळचा उत्तर बिहारचा एखादा तरुण दोन-तीन महिन्यांच्या तापाची तक्रार घेऊन ओपीडीत येतो. मलेरियाची तपासणी झालेली असते, टायफॉइडच्या गोळ्या घेऊन झालेल्या असतात, कधी कधी टीबीची औषधेही सुरू झालेली असतात. वजन घटलेले असते, चेहरा काळवंडलेला असतो. पोट तपासताना डाव्या बरगडीखालून थेट बेंबीकडे आलेली प्लीहा हाताला लागते. जुनी माणसे हिलाच पाणथरी म्हणतात. अशा वेळी आम्ही डॉक्टर एक साधा प्रश्न विचारतो: गाव कोणते? उत्तरात मुझफ्फरपूर, वैशाली, सारण असे एखादे नाव आले की बोटातून रक्ताचा थेंब घेऊन एक पट्टी-चाचणी करायची. दहा-पंधरा मिनिटांत निदान होते. त्यानंतर शिरेतून दिलेल्या औषधाच्या एकाच डोसाने यांतले बहुतेक रुग्ण बरे होतात.

या आजाराचे नाव काळा आजार. शंभर वर्षांपूर्वी तो झालेल्या दहा जणांपैकी नऊ जण दगावत. तो एका अगदी बारीक चावऱ्या माशीमुळे पसरतो हे तेव्हा कुणालाही ठाऊक नव्हते. माशी सापडण्याच्या आधीच ज्या माणसाने या रुग्णांना वाचवायला सुरुवात केली, त्या डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांची ही हकिगत आहे.

रेल्वे डॉक्टरचा मुलगा

उपेंद्रनाथांचा जन्म १८७३ चा. वडील नीलमणी ब्रह्मचारी रेल्वेत डॉक्टर होते आणि त्यांची नेमणूक बिहारमधल्या जमालपूरला होती, त्यामुळे शालेय शिक्षण तिथेच झाले. घराणे मूळचे बंगालमधल्या बर्दवान जिल्ह्यातले. त्या काळी बर्दवान हे नाव एका तापामुळे लोकांच्या तोंडी होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर तिथे आलेल्या साथीत गावेच्या गावे ओस पडली होती. सरकारी कागदांत तिची नोंद बर्दवान फीवर अशी आहे. त्यात मलेरियाचे रुग्ण होते आणि काळ्या आजाराचेही. दोन्हींत ताप येतो, प्लीहा वाढते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दाखवता येईल असा जंतू तेव्हा माहीत नसल्यामुळे दोन्ही एकाच नावाखाली गेले.

मुलगा गणितात हुशार निघाला. हुगळीच्या कॉलेजातून १८९३ मध्ये त्यांनी गणित घेऊन बी.ए. केले. पुढच्याच वर्षी कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून रसायनशास्त्रात एम.ए. झाले. मग ते वैद्यकाकडे वळले. १९०० मध्ये एम.बी., १९०२ मध्ये एम.डी. आणि १९०४ मध्ये तांबड्या रक्तपेशी कशा फुटतात या विषयावर पीएच.डी. डॉक्टर झाल्यावरही रसायनशास्त्राचा हात त्यांनी कधी सोडला नाही, आणि पुढची सगळी गोष्ट घडली ती त्यामुळेच. तापाचे रुग्ण तपासणारे डॉक्टर कलकत्त्यात पुष्कळ होते. रुग्ण तपासून झाल्यावर स्वतःच्या हाताने नवे औषध बनवून पाहू शकणारे मात्र फारच थोडे.

ते शिकत होते त्याच काळात, १८९८ मध्ये, त्याच शहरात रोनाल्ड रॉस पक्ष्यांमधला मलेरिया डासांमार्फत कसा पसरतो हे शोधत होते. कीटक चावून रोग होतो ही कल्पना तेव्हा अगदी नवी होती. काही वर्षे ढाक्याच्या मेडिकल स्कूलमध्ये शिकवल्यानंतर १९०५ मध्ये ब्रह्मचारी कलकत्त्याच्या कॅम्पबेल मेडिकल स्कूलमध्ये रुजू झाले. आज ते नीलरतन सरकार मेडिकल कॉलेज म्हणून ओळखले जाते. पुढची सुमारे अठरा वर्षे त्यांची तिथे गेली.

शरीरात नेमके काय होते

इथे थोडे थांबून आजार समजून घेऊ. काळ्या आजाराचा जंतू हा एकपेशीय परजीवी आहे. १९०३ मध्ये तो दोन ठिकाणी स्वतंत्रपणे ओळखला गेला. कलकत्त्याजवळच्या डमडम छावणीत आजारी पडून इंग्लंडमध्ये मरण पावलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेत विल्यम लीशमन यांना तो दिसला होता. त्यांनी हे १९०३ मध्ये छापले. त्याच वर्षी मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हन यांनी रुग्णांमध्ये तोच जंतू पाहिला. म्हणून त्याचे नाव लीशमानिया डोनोव्हनी.

आपल्या शरीरात काही पेशी सफाई कामगारासारख्या असतात. बाहेरून आलेला जंतू गिळून टाकायचा हे त्यांचे काम. हा परजीवी त्या पेशींच्या पोटात जाऊन मरत नाही, तिथेच वाढतो. या पेशी प्लीहा, यकृत आणि अस्थिमज्जा इथे जास्त असतात. म्हणून प्लीहा फुगते, यकृत वाढते आणि अस्थिमज्जेत रक्त तयार होण्याचे काम मंदावते. रुग्ण पांढरा पडतो, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येते, पांढऱ्या पेशी कमी झाल्यामुळे न्यूमोनिया, हगवण, टीबी असे दुसरे आजार सहज जडतात. बहुतेक रुग्ण दगावतात ते याच दुसऱ्या आजारांनी. त्वचा काळवंडते, त्यावरून नाव पडले.

एक गोष्ट नातेवाइकांना नेहमी चकवते. रुग्णाला महिनोन्‌महिने ताप असतो, पण अनेकदा भूक बऱ्यापैकी टिकून असते आणि तो हिंडता-फिरता असतो. त्यामुळे घरच्यांना वाटते, एवढे काही गंभीर नसावे.

रॉकेलच्या दिव्याची खोली

उपचाराचा विचार ब्रह्मचारींच्या आधी सुरू झाला होता. अँटिमनी हा धातू या कुळातल्या परजीवींना मारतो असे ब्राझीलमध्ये दिसले होते. १९१५ मध्ये सिसिलीत आणि कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी टार्टार एमेटिक हे अँटिमनीचे क्षार शिरेतून देऊन पाहिले. डोळ्यांत घालायचा सुरमा म्हणजे अँटिमनीचेच खनिज, तेव्हा हा धातू आपल्याला अनोळखी नाही. पण शिरेतून दिलेले टार्टार एमेटिक फार त्रासाचे होते. उलट्या, खोकला, हृदयावर ताण, आणि इंजेक्शने काही महिने चालू ठेवावी लागत. थोडे बरे वाटताच रुग्ण येणे बंद करत आणि काही महिन्यांनी आजार उलटत असे. खेड्यातून आलेल्या मजुराला तीन-चार महिने कलकत्त्यात राहून इंजेक्शने घ्या असे सांगणे म्हणजे उपचार नाकारण्यासारखेच होते.

ब्रह्मचारींनी आधी टार्टार एमेटिकमधल्या पोटॅशियमच्या जागी सोडियम असलेले क्षार वापरून पाहिले, कारण ते कमी विषारी होते. मग शुद्ध अँटिमनीचे अतिसूक्ष्म कण करून शिरेत देऊन पाहिले. दोन्हींचा उपयोग होत होता, पण हवा तसा नाही. त्यांच्यातला रसायनशास्त्रज्ञ इथे कामी आला. झोपेच्या आजारावर आर्सेनिकचे एक सेंद्रिय औषध तेव्हा वापरात होते. आवर्त सारणीत आर्सेनिकच्या लगेच खाली अँटिमनी आहे. मग आर्सेनिकच्या जागी अँटिमनी घालून तसेच सेंद्रिय औषध बनवता येईल का, असा त्यांचा विचार होता.

१९१९ च्या अखेरीस संशोधनासाठी त्यांना थोडे सरकारी अनुदान मिळाले. जागा होती कॅम्पबेल हॉस्पिटलमधली एक छोटी खोली. तिथे वीज नव्हती, गॅसची नळी नव्हती, पाण्याचा नळही नव्हता. दिवसभर शिकवणे आणि वॉर्ड सांभाळणे झाल्यावर रात्री रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात ते काम करत. उत्तरायुष्यात मोठमोठे मानसन्मान मिळाल्यावरही त्यांना ती खोली तीर्थक्षेत्रासारखी वाटत राहिली. मला या हकिगतीत दिव्यापेक्षा पाण्याच्या नळाचे जास्त आश्चर्य वाटते. अँटिमनीची रसायने करायची आणि भांडी धुवायला नळ नाही, म्हणजे प्रत्येक बादली कुणीतरी उचलून आणली असणार.

तिथे १९२० मध्ये त्यांनी अँटिमनीच्या एका सेंद्रिय आम्लाचा युरियाशी संयोग करून नवे औषध तयार केले. क्विनीनला युरिया जोडला की त्याचे इंजेक्शन कमी दुखते, हे आधीपासून माहीत होते; युरिया घेण्यामागे तो धागा होता. या औषधाचे नाव युरिया स्टिबामाइन. १९२२ मध्ये पहिल्या रुग्णांवरचे निष्कर्ष छापून आले. महिन्यांचा उपचार दोन-तीन आठवड्यांवर आला, एकूण लागणारी मात्रा खूप कमी झाली आणि टार्टार एमेटिकने बरे न झालेले काही रुग्णही बरे झाले. औषधाची नेमकी रासायनिक रचना काय यावर पुढे बरीच वर्षे वाद चालला. रुग्ण बरे होत होते यावर मात्र वाद नव्हता.

आसाममधली ओसाड गावे

या औषधाची खरी परीक्षा आसाममध्ये झाली. तिथे काळा आजार गारो टेकड्यांच्या पायथ्यापासून ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात वर वर सरकत गेला होता. नौगाव जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत सुमारे पाव हिश्श्याने घटली. ज्या घरात आजार शिरला त्या घरातले एकामागून एक जात. गारो लोक आजारी माणसाला वेगळे ठेवत, प्रसंगी ती झोपडीच जाळून टाकत. ऐकायला क्रूर वाटते, पण त्यांना एक गोष्ट बरोबर दिसली होती: आजार घराला चिकटून राहतो.

हेच नौगावच्या चहामळ्यांवरही दिसले. मळ्याचे डॉक्टर डॉड्स प्राइस यांनी मजुरांच्या जुन्या चाळी सोडून देऊन नव्या चाळी फक्त काहीशे यार्ड अंतरावर बांधून घेतल्या. निरोगी कुटुंबे तिकडे हलवली की नव्या चाळीत आजार जवळजवळ उठतच नसे. पाणी तेच, अन्न तेच, काम तेच. फक्त हाकेच्या अंतरावरची नवी जागा. काहीशे यार्ड पार न करू शकणारे असे काय असेल, याचे उत्तर तेव्हा कुणाकडे नव्हते. अनेकांचा संशय ढेकणावर होता.

१९२३ मध्ये शिलाँगच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये हेन्री शॉर्ट यांनी युरिया स्टिबामाइन वापरून पाहिले आणि ते गुणकारी ठरले. मग आसामच्या आरोग्य खात्याने ठिकठिकाणी उपचार केंद्रे उघडली. इंजेक्शने आठवड्यांत संपत असल्यामुळे शेतकरी आणि मळ्यांतले मजूर उपचार पूर्ण करू लागले. दहातले नऊ मरत होते तिथे आता दहातले साधारण नऊ वाचू लागले. पुढच्या दहा वर्षांत या औषधाने एकट्या आसाममध्ये सुमारे तीन लाख जीव वाचल्याचे त्या प्रांताच्या सरकारी हिशेबात म्हटले आहे. हा आकडा थोडा इकडे-तिकडे धरला तरी एका खोलीतून निघालेल्या औषधासाठी तो प्रचंड आहे.

अखेर माशी सापडली

ब्रह्मचारी रुग्ण बरे करत होते त्याच वर्षांत दुसरे लोक हा आजार पसरतो कसा ते शोधत होते. जॉन सिंटन या डॉक्टरांच्या लक्षात आले की नकाशावर काळा आजार जिथे आहे तिथेच वाळूमाशीची एक विशिष्ट जात, फ्लेबोटोमस अर्जेंटिपिस, आढळते. १९२४ मध्ये कलकत्त्यात नोल्स, नेपियर आणि स्मिथ यांनी ही माशी रुग्णाला चावू दिली, तेव्हा माशीच्या आतड्यात परजीवी वाढताना दिसला. वाटले, झाले काम. पण ही माशी निरोगी प्राण्याला चावून आजार देते हे सिद्ध करायला आणखी अठरा वर्षे लागली, कारण एकदा रक्त पिऊन अंडी घातली की प्रयोगशाळेत या माश्या मरून जात, दुसऱ्यांदा चावायला उरतच नसत.

अडचण सोडवली ती मनुक्यांनी. स्मिथ, हलदर आणि अहमद यांना दिसले की रक्ताच्या पहिल्या जेवणानंतर माशीला मनुक्याचा रस दिला की ती जगते आणि तिच्या आतड्यात परजीवी इतके वाढतात की पुढचा मार्ग बुजतो. अशी माशी पुन्हा चावली की रक्त ओढता ओढता हे परजीवी जखमेत ओकते. या पद्धतीने आसाममध्ये स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांवर प्रयोग केला आणि १९४२ मध्ये तो छापला. माशीच्या चाव्यातूनच काळा आजार होतो हे पक्के झाले. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही. तेव्हाही तो करण्याचे धाडस झाले ते खात्रीचे औषध हाताशी होते म्हणूनच, असे मला वाटते.

ही वाळूमाशी दोन-तीन मिलिमीटरची, म्हणजे डासाच्या निम्म्याहून लहान, अंगावर लव असलेली, बसल्यावर पंख वर उभे धरणारी. तिला नीट उडता येत नाही. ती टुणटुण उड्या मारत थोडे थोडे अंतर जाते. डॉड्स प्राइसच्या नव्या चाळी सुरक्षित का राहिल्या, त्याचे उत्तर हे. चावते ती फक्त मादी, आणि तेही तिन्हीसांजेनंतर. तिला सर्वांत आवडते गुरांचे रक्त; माणूस तिच्या वाटेत येतो. वाळू हे नाव फसवे आहे, कारण अंडी ती वाळूत नव्हे तर गोठ्याच्या कडेच्या ओलसर, शेण-पाचोळा मिसळलेल्या मातीत घालते. डासासारखे साचलेले पाणी तिला लागत नाही. दिवसा ती कुडाच्या किंवा मातीच्या भिंतीच्या भेगांत दडून बसते. म्हणजे तिच्यासाठी उत्तम जागा कोणती? गुरे आणि माणसे एकाच छपराखाली, भिंती न लिंपलेल्या, जमीन ओलसर, रात्री बाहेर उघड्यावर निजणारी घरे. गरिबाचे घर, असे सरळ म्हणावे लागेल. आफ्रिकेत त्सेत्से माशीने झोपेचा आजार पसरवून आणि गुरे मारून मोठमोठे प्रदेश पशुपालनाला निरुपयोगी केले. आपल्याकडच्या वाळूमाशीने गुरांना हात लावला नाही. गुरांच्या आधाराने ती माणसांच्या घरात आली. भारतात या आजाराचा साठा जनावरांत सापडलेला नाही. माशी आजार घेते तो माणसाकडून आणि देते तीही माणसालाच.

सन्मान, आणि त्यांनंतर

ब्रह्मचारींना १९२४ मध्ये कैसर-ए-हिंद सुवर्णपदक आणि १९३४ मध्ये सर हा किताब मिळाला. १९२९ मध्ये नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचवले गेले. पारितोषिक मात्र मिळाले नाही. १९३६ च्या भारतीय विज्ञान परिषदेचे ते अध्यक्ष होते. कलकत्त्यात त्यांनी स्वतःची संशोधन संस्था काढली होती आणि औषध तिथेच तयार होई. रक्तपेढीच्या कामातही त्यांनी पुढाकार घेतला. ६ फेब्रुवारी १९४६ रोजी त्यांचे निधन झाले.

डीडीटी भारतात येण्याच्या सुमारासच ते गेले. १९५० च्या दशकात मलेरियाच्या डासांसाठी घरोघरी डीडीटी फवारला गेला आणि भिंतींच्या भेगांतल्या वाळूमाश्याही मेल्या. काळा आजार जवळपास दिसेनासा झाला. त्या काळात शिकलेल्या कित्येक डॉक्टरांनी तो पुस्तकातच वाचला असेल. मलेरिया कमी झाला म्हणून फवारणी थांबली आणि काही वर्षांत माश्या परत आल्या. १९७७ च्या सुमारास उत्तर बिहारमध्ये अंदाजे एक लाख लोकांना लागण झाली. १९९२ मध्ये देशात ७७ हजारांहून अधिक रुग्ण आणि १,४०० हून अधिक मृत्यूंची नोंद आहे. त्यात बिहारमध्ये अँटिमनीची औषधेच निकामी होऊ लागली. अर्धवट सोडलेले उपचार आणि कमी मात्रा यांमुळे परजीवी त्यांना सरावले, आणि ब्रह्मचारींनी उघडलेली वाट तिथे बंद झाली. माश्यांनीही डीडीटीला दाद देणे सोडले, म्हणून आता दुसऱ्या प्रकारचे कीटकनाशक फवारतात. फवारणी भिंतीवर साधारण सहा फुटांपर्यंतच करतात, कारण ही माशी त्याहून वर सहसा जात नाही.

आज भारतात पहिली पसंती लिपोसोमल अँफोटेरिसिन या औषधाच्या एका डोसाला आहे. मिल्टेफोसिन नावाची तोंडाने घ्यायची गोळीही आहे. गर्भवतींना ती चालत नाही. २०२३ मध्ये देशातले रुग्ण सहाशेच्या आसपास आले आणि त्या वर्षअखेर सर्व बाधित तालुक्यांत दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठले गेले. त्याच वर्षी बांगलादेशला हा आजार सार्वजनिक समस्या म्हणून संपवल्याचे जागतिक आरोग्य संघटनेचे शिक्कामोर्तब मिळाले. तसे करणारा तो जगातला पहिला देश.

महाराष्ट्रातली वाळूमाशी

महाराष्ट्रात काळ्या आजाराचे क्षेत्र नाही. इथे दिसणारे रुग्ण सहसा बिहार, झारखंड, पूर्व उत्तर प्रदेश किंवा बंगालमधून आलेले असतात. पण वाळूमाश्या आपल्याकडेही आहेत आणि त्यांच्याशी जोडलेला दुसरा एक आजार विदर्भातल्याच गावाचे नाव घेऊन जगभर ओळखला जातो. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या शास्त्रज्ञांनी एक नवा विषाणू वेगळा केला. तो चांदीपुरा विषाणू. २००३ मध्ये आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्रात, २०२४ मध्ये गुजरातमध्ये त्याने लहान मुलांमध्ये मेंदूज्वराच्या साथी आणल्या. हा आजार काळ्या आजाराच्या अगदी उलट चालीचा आहे. तिथे महिने जातात, इथे तास. मुलाला अचानक जोराचा ताप, उलट्या, झटके किंवा गुंगी आली, विशेषतः पावसाळ्यात, तर घरी वाट न पाहता थेट मुलांच्या अतिदक्षता विभाग असलेल्या हॉस्पिटलात न्यावे. त्यावर नेमके औषध अजून नाही. वेळेवर मिळालेली हॉस्पिटलची देखभाल हाच उपाय.

माशी टाळण्यासाठी मातीच्या भिंती आणि गोठा लिंपून भेगा बुजवणे, शेण-पाचोळा घरापासून दूर टाकणे, गुरे आणि झोपण्याची जागा वेगळी ठेवणे, संध्याकाळनंतर मुलांना अंगभर कपडे घालणे या गोष्टी उपयोगी पडतात. नेहमीच्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून ही माशी आत येऊ शकते, म्हणून बारीक जाळीची किंवा कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी घ्यावी.

बरे झाल्यावर येणारे डाग

ब्रह्मचारींचे आणखी एक निरीक्षण आहे, आणि आज त्याला औषधाइतकेच महत्त्व आले आहे. काळ्या आजारातून बरे झालेले त्यांचे काही रुग्ण बऱ्याच काळाने परत येत. ताप नाही, प्लीहा वाढलेली नाही, प्रकृती उत्तम. पण चेहऱ्यावर आणि अंगावर फिकट पांढरे चट्टे, हनुवटीवर, नाकाभोवती गाठी. दिसायला कुष्ठरोगासारखे. ब्रह्मचारींनी १९२२ मध्ये या त्वचेत काळ्या आजाराचाच परजीवी असल्याचे दाखवले.

रुग्णाला या डागांचा त्रास नसतो. खाज नाही, बधिरपणा नाही, त्यामुळे तो डॉक्टरांकडे येत नाही. आला तरी कोड किंवा कुष्ठरोग म्हणून वर्षभर दुसरीच औषधे चालतात. मध्ये वाळूमाशी त्या चट्ट्यावर बसते, तिथला परजीवी घेते आणि शेजारच्या घरात नेते. साथ संपल्यासारखी वाटत असताना गावात आजार टिकून राहतो तो यांच्यामुळेच, आणि फक्त तापाचे रुग्ण शोधत राहिल्यास हे कधीच सापडत नाहीत. म्हणून तुमच्या घरात किंवा ओळखीत कुणाला पूर्वी काळा आजार होऊन गेला असेल, अगदी पाच-सात वर्षांपूर्वीसुद्धा, आणि आता बधिर नसलेले फिकट चट्टे किंवा गाठी आल्या असतील, तर त्वचेच्या डॉक्टरांना आधीच्या आजाराची गोष्ट स्वतःहून सांगा. शक्य असेल तर जुने कागद सोबत न्या. तपासणीत परजीवी सापडला तर साधारण बारा आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात. चट्टे पूर्ण जायला त्यानंतरही काही महिने लागू शकतात. गोळ्या मात्र डाग फिके होऊ लागले म्हणून मध्येच थांबवायच्या नाहीत. त्या चालू असताना उलट्या-जुलाब झाल्यास किंवा डोळे लाल होऊन दुखू लागल्यास लगेच डॉक्टरांना दाखवा. बाळंतपणाच्या वयातल्या स्त्रियांनी गोळ्या सुरू होण्याआधी गर्भनिरोधनाबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्यावे.